चाबीवाल्याची डोलकाठी

बाबनराव निनाव्यांना दोन आवाज आहेत, एक रस्त्यावरचा आणि एक घरातला. रस्त्यावरचा पहाटे पाचला तांडापेठेतल्या आमच्या चौकात निघतो. "सरका जी, सरका, वॉल खोलून राहिलो." तो छातीतून येतो आणि त्याच्या शेवटाला ढेकरासारखी एक गाठ असते. घरातला आवाज म्हणजे नुसते ओठ. कारण घरात त्यांच्यापुढे टेबलावर ज्वारीच्या दाण्याएवढी तोफ असते, आणि जोरात 'फ' म्हटलं तरी ती उडून पलंगाखाली जाते. त्यांची बायको इंदूबाई सांगते की फणी, फडकं आणि फोडणी हे शब्द त्यांच्या घरातून केव्हाच गेले. फोडणीला ती आता 'ते तेलाचं' म्हणते.

मला दोन्ही आवाजांची नक्कल जमते. घरातला जास्त कठीण आहे.

बाबनरावांची चाबी म्हणजे कुलुपाची चाबी नव्हे. चार फूट लांब लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. चौकात जमिनीवर पाण्याच्या वॉलचं एक झाकण आहे. ते उचलायचं, आत चाबीचं तोंड बसवायचं आणि मूठ धरून घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं. मग जमिनीखाली काहीतरी गुरगुरतं आणि आमच्या चार गल्ल्यांच्या नळांना पाणी येतं. दिवसातून एकदा, पाच ते सहा. ही चाबी एकोणीस वर्षांपासून बाबनरावांकडे आहे. त्यांचे वडील मागावर लुगडी विणत. बाबनरावांनी माग सोडला, पाण्याच्या ऑफिसात लागले आणि समोरच्या खोलीतला मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला. त्या बुजवलेल्या खड्ड्यावर आता जहाजांचं टेबल उभं आहे.

समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली कन्हान, तीही एस.टी.च्या खिडकीतून आणि अर्धे डोळे मिटून. जहाजं घरात आली ती इंदूबाईचा भाऊ नत्थू याच्यामुळे. तो मालवाहू बोटीवर स्वयंपाकी आहे. बाहत्तर साली तो सुट्टीवर आला तेव्हा इंदूबाईला वाटलं, नायलॉनची साडी आणली असेल. निघाला एक पुठ्ठ्याचा डबा. वर लाटांतून जाणाऱ्या जर्मन पाणबुडीचं चित्र, आत प्लॅस्टिकचे शंभरेक तुकडे. इंदूबाईने ते पाहिले आणि भावाचं मन राखायला म्हणाली, जाऊ दे बाप्पा, एवढ्या दुरून आणलं, वाटेत फुटणारच.

नत्थूने समजावलं की हे फुटलेलं नाही, हे असंच विकतात, घेणाऱ्याने घरी जोडायचं. शेजारच्या तुळजाबाई तिथंच बसलेल्या. साठी उलटली तरी त्यांचा माग अजून चालतो, आणि तोंड मागापेक्षा जास्त. त्या म्हणाल्या, फारिनचे लोक हुशार हायेत, काम आपल्याकडून करून घेते अन् पैसे बी आपलेच घेते.

बाबनरावांनी मात्र डबा पुढे ओढला. आतल्या कागदावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण चित्रं होती आणि प्रत्येक तुकड्याला नंबर होता. दोन दिवसांत वीतभर लांबीची पाणबुडी तयार झाली आणि फळीवर रेडिओच्या शेजारी बसली. पाहायला आलेल्या बायकांना ते सांगत, ही पाण्याखालून चालते. तुळजाबाई म्हणाल्या, कारलं बी पाण्यात बुडते, त्याले कोणी फळीवर नाही ठेवत.

पुढच्या सुट्टीत नत्थूने बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका आणली आणि तिथून आमच्या पाण्याचे हाल सुरू झाले.

त्याचं कारण असं. बाबनराव साडेतीनला उठून जहाज जोडायला बसतात, कारण तेव्हा गल्लीत कोणी चालत नाही, टेबल हलत नाही आणि इंदूबाई झोपेत असल्याने काही विचारत नाही. नळीतून डिंक लावायचा, तुकडा बसवायचा आणि वीस मिनिटं बोटांत धरून ठेवायचा. मध्ये सोडला तर तो वाकडा बसतो आणि मग जन्मभर वाकडाच. आता पाचला दहा कमी असताना एखादी तोफ हातात असली तर माणसाने काय करायचं? बाबनराव तोफ धरून बसायचे. आणि बिस्मार्कला मोठ्या तोफाच आठ आहेत.

नळावरच्या बायकांना हे गणित लवकर कळलं. पहाटे पाणी भरायचे रिकामे गुंड, म्हणजे हंडे, घेऊन रांगेत उभं राहिलं की आधी इंदूबाईला विचारायचं.

"आज काय हाय वं इंदू?"

"चिमणी."

"किती चिमण्या?"

"एकच हाय."

"मंग येते साडेपाचले. बसा वं खाली."

अशा रीतीने समुद्रापासून शेकडो मैल दूर, तांडापेठेतल्या बायका युद्धनौकेचे भाग पाठ म्हणू लागल्या. नवी सून आली की सासू तिला सांगायची, मागची तोफ असली तं दहा मिनिटं, शिडी असली तं पंधरा, नांगर असला तं आंघोळ उद्या. बिस्मार्क पूर्ण झाली त्या दिवशी बाबनरावांपेक्षा रांगेलाच जास्त आनंद झाला. कोणीतरी पेढेसुद्धा वाटले.

तो आनंद आठ महिने टिकला. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नत्थू आला तो हातभर लांब डबा घेऊन. आत कटी सार्क. हे शिडाचं जहाज, चीनहून चहा आणणारं. तीन डोलकाठ्या, प्रत्येक डोलकाठीला आडव्या काठ्या, आणि सगळ्यांना ताणून बांधायच्या दोऱ्या. इंदूबाईने रांगेत येऊन हे सांगितलं. एकीने गुंड उलटा ठेवून त्यावर बैठक मारली, जणू आता दिवाळीपर्यंत इथंच बसायचं आहे.

पाणी साडेपाचला येऊ लागलं, मग पावणेसहाला. आमच्या रांगेत शोभाताई रामटेके उभ्या राहतात. त्या इंदोऱ्याच्या पलीकडे शाळेत शिकवतात आणि त्यांना साडेसहाची बस असते. शोभाताई छापल्यासारखं बोलतात, प्रत्येक शब्द इस्त्री करून. त्यांनी आधी बाबनरावांना समोरासमोर सांगितलं की मला समुद्राबद्दल आदर आहे, पण माझ्या वर्गात पंचावन्न मुलं आहेत आणि मी त्यांच्यापुढे आंघोळ न करता उभी राहू शकत नाही. बाबनराव मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी पाणी सहाला पाच कमी असताना आलं. तेव्हा शोभाताईंनी अर्ज लिहिला आणि सह्या घ्यायच्या आधी रांगेत वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, 'उपरोक्त कर्मचारी कर्तव्याच्या वेळी नौकाबांधणीत मग्न असतो.' बायकांना ते इतकं आवडलं की दोनदा वाचायला लावलं. मग सगळ्यांनी सह्या केल्या. तुळजाबाईंनी अंगठा दिला.

आठवड्याने पाण्याच्या ऑफिसातले ओव्हरसियर देवराव काळमेघ लॅम्ब्रेटा स्कूटरवरून आले. अंगाने भरलेले, मानेवरचा घाम हजेरीच्या रजिस्टरने पुसणारे. त्यांचं प्रत्येक वाक्य 'ऐसा है' पासून सुरू होतं आणि पुढे मराठीत उतरतं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, ऐसा है, ती नाव कोणत्या तलावात बांधून राहिला हा माणूस? अंबाझरीत का गांधीसागरात? त्यांना टेबलाशी नेऊन हातभर लांबीचं जहाज दाखवलं तेव्हा ते जास्तच चिडले. एवढ्याशा वस्तूसाठी चार गल्ल्या कोरड्या राहतात, हे त्यांना अपमानासारखं वाटलं. मोठं असतं तर गोष्ट वेगळी होती.

त्यांनी चौकात उभं राहून निकाल दिला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ऐसा है बाबनराव. पाच म्हणजे पाच. मी कोणत्याबी दिवशी येईन, सांगून येणार नाही. एक दिवस पाणी उशिरा दिसलं, का चाबी दुसऱ्याले अन् तुम्ही कन्हानच्या पंपावर."

कन्हानचा पंप म्हणजे काय, हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. बाबनरावांना होतं. ते एकदा तिथं जाऊन आलेले. रात्रंदिवस मशीन चालते आणि शेजारच्या क्वार्टरात कपातला चहासुद्धा थरथरतो. तिथं डोलकाठी तर सोडाच, साधी खिडकीची चौकटसुद्धा डिंकाने चिकटणार नाही. म्हणजे चाबी गेली की जहाजंही गेली, दोन्ही एकाच लॅम्ब्रेटावर बसून.

त्याच दिवशी त्यांनी कटी सार्क जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. एकच डोलकाठी उभी झाली होती. ट्रंक बंद होईना, म्हणून झाकण अर्धं उघडं ठेवून त्यावर उशी टाकली.

दुसऱ्या दिवसापासून पाणी पाचला. घड्याळ लावून घ्यावं इतकं पाचला. आणि सहाला बंद. तेही घड्याळ लावून घ्यावं इतकं. पाचला दहा कमी असल्यापासून बाबनराव चाबीवर हनुवटी टेकून चौकात उभे असायचे. कोणी म्हणालं, थांबा ना जी, अर्धाच गुंड भरला, तर ते ऑफिसच्या दिशेने बोट दाखवत आणि गोल फिरू लागत. नळ शेवटचं एकदा खाकरायचा आणि संपायचा.

दहा दिवस झाले तेव्हा तुळजाबाईंच्या लक्षात आलं की घरातला रांजण कधी भरतच नाही. त्यांनी रांगेत जाहीर हिशेब मांडला. जहाज चालू होतं तेव्हा पाणी पाऊण तास उशिरा यायचं, ही गोष्ट खरी. पण वॉल खोलला की बाबनराव पळत घरी जायचे, पुढचा तुकडा हातात घ्यायचे आणि वॉल बंद करायचं साफ विसरायचे. पाणी साडेसातपर्यंत चालायचं, कधी आठपर्यंत. तेव्हा घरटी अकरा गुंड पाणी व्हायचं, आता सहा होते. जहाज होतं तेव्हा आपण गोधड्या धुवायचो, आता टॉवेल धुवायलाही विचार करावा लागतो.

सगळ्या माना शोभाताईंकडे वळल्या. शोभाताईंनी चष्मा पुसला.

त्या संध्याकाळी निनाव्यांच्या दारात आम्ही पंधरावीस जण गोळा झालो. शोभाताई पुढे. बाबनराव रिकाम्या टेबलाशी बसून नेलकटरने नखं काढत होते. एरवी त्याने ते जहाजाचे तुकडे कापतात.

"बाबनराव, आम्ही विनंती करायला आलो आहोत," शोभाताई म्हणाल्या.

"अर्ज आणला का पुन्हा?"

"अर्ज नाही. तोंडी आहे. जहाज बाहेर काढा."

बाबनराव रस्त्यावरच्या आवाजात हसले. टेबलावर उडण्यासारखं काही नव्हतं.

"अन् ओरसियर आला तं? मी जातो कन्हानले. मंग तुमाले नवा चाबीवाला. त्याले जहाजाचा नाद नसला तं सहाले बंदच करन थो, जिंदगीभर."

 पण शोभाताई शिक्षिका आहेत, त्यांनी अर्जाची नक्कल पर्समध्येच ठेवलेली. ती काढून त्यांनी शांतपणे सांगितलं की अर्जात तक्रार फक्त पाणी सोडण्याच्या वेळेबद्दल आहे. बंद करण्याच्या वेळेचा संपूर्ण अर्जात उल्लेख नाही. तेव्हा पाचला सोडा. त्यानंतर तुम्ही काय विसरता, तो तुमचा प्रश्न.

बाबनराव विचारात पडले. मग म्हणाले, डोलकाठ्या उभ्या होतीन, पण दोऱ्या? दीडदोनशे गाठी आहेत, त्यात पहाटेच्या पहाटे जातात, आणि एकदा गाठ धरली की पाच काय अन् सहा काय.

तुळजाबाई मागून पुढे आल्या. "बापू, चाळीस वर्सं झाले, दिवसाले हजार धागे सांधून राहिली मी. दोनशे गाठीसाठी तू पहाटे उठतं? आण इकडं ते."

असा तह झाला. चार दिवसांत उरलेल्या दोन्ही डोलकाठ्या उभ्या राहिल्या आणि एका दुपारी तुळजाबाई आणि आणखी दोघी जणी टेबलाभोवती बसल्या. डब्यातला दोरा त्यांनी बोटांत चोळून पाहिला आणि नाक मुरडून बाजूला टाकला. घरून लुगड्याचं बारीक सूत आणलं. बाबनरावांनी इंग्रजी कागद पुढे धरला तर तुळजाबाई म्हणाल्या, कागद कायले पाहू, धागाच सांगते न त्याले कुठी जायचं हाय. तुटलेलं सूत सांधायची कोष्ट्यांची जी गाठ असते, डोळ्याने दिसत नाही, फक्त नखाला लागते, ती गाठ त्यांनी कटी सार्कवर मारायला सुरुवात केली. बोटं इतकी भरभर चालली की बाबनरावांना सतराव्या गाठीपर्यंतच मोजता आलं आणि मग त्यांनी नाद सोडला. चार वाजेपर्यंत सगळं बांधून झालं. जहाज मागावर चढवलेल्या उभ्या धाग्यांच्या ताण्यासारखं दिसत होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सुताला लव राहते, आणि कोष्ट्याच्या डोळ्याला लव असलेला धागा म्हणजे न धुतलेलं तोंड. तुळजाबाईंनी भाताची खळ करून आणली आणि लहान कुंच्याने सगळ्या दोऱ्यांना पाजली, जशी लुगड्याच्या ताण्याला पाजतात. बाबनरावांनी अडवायला हवं होतं. पण तेही कोष्ट्याचंच पोर, त्यांना तो वास आला आणि वडील आठवले. ते स्वतःच कुठं कुठं राहिलं ते दाखवत बसले. संध्याकाळी दोरीवर नख मारलं तर टण्‌ असा आवाज यायला लागला. सगळे खूष होऊन घरी गेले.

आता, ताणा सुकताना आखडतो. मागावर त्याला काही होत नाही, कारण त्याच्या दोन्ही टोकांना चांगले मांडीएवढे खुंट असतात. कटी सार्कच्या डोलकाठ्या अगरबत्तीएवढ्या होत्या.

सकाळी साडेचारला बाबनराव उठले, तर मधली डोलकाठी खोबणीतून उपटून तुळजाबाईंच्या घराकडे झुकली होती. तिच्याबरोबर पुढची आणि मागची, दोघीही कलायला लागलेल्या. त्यांनी चार दोऱ्या कापल्या, खोबणीत डिंक सोडला, मधली डोलकाठी सरळ केली आणि दोन्ही हातांनी धरली. हे सगळं होऊन त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पाचला बारा कमी. डिंकाला वीस मिनिटं.

तेवढ्यात चौकात लॅम्ब्रेटा थांबल्याचा आवाज आला.

आम्ही सगळे रांगेत होतो. काळमेघ साहेबांनी स्टँड लावलं, मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि सरळ नळाच्या तोंडापुढे येऊन उभे राहिले, पाणी स्वतः पाहायला. बाबनराव कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. कोणी आकाशाकडे पाहिलं, कोणी गुंडात. पाचला तीन कमी. पाचला दोन.

निनाव्यांच्या घरातून इंदूबाई बाहेर आली. खांद्यावर चाबी. पदर कमरेला खोचलेला. ती कोणाकडे न पाहता चौकात गेली, झाकण उचललं, चाबी आत बसवली आणि फिरायला लागली. एकोणीस वर्षं तिने ते रोज ऐकलेलं, पण मोजलेलं कधी नव्हतं. बाबनराव किती फेऱ्यांवर थांबतात, तिला माहीत नव्हतं. म्हणून ती थांबलीच नाही. चाबी अडेपर्यंत फिरली.

पाचचा ठोका कोणाच्या तरी घरात पडला आणि पाणी आलं. असं पाणी आम्ही कधी पाहिलं नव्हतं. नळाला बांधलेलं फडकं आधी निघालं आणि काळमेघ साहेबांच्या छातीवर जाऊन चिकटलं, मागून पाणी. साहेब दोन पावलं मागे गेले, तोवर पँट गुडघ्यापासून वर पूर्ण ओली.

"ऐसा है," ते म्हणाले आणि पुढे काय ते त्यांना आठवेना. मग आठवलं. "ही बाई कोण? चाबी हिच्या हातात कशी?"

शोभाताईंनी आपली बादली नळाखाली सरकवली. "साहेब, आम्ही अर्जात पाणी वेळेवर मागितलं होतं. माणूस मागितला नव्हता."

"माणूस हाय कुठं?"

साहेब आत गेले. मागोमाग आम्ही, दारात आणि खिडकीत मावतील तेवढे. बाबनराव टेबलाशी वाकून बसलेले, दोन्ही हातांच्या बोटांत डोलकाठी, कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आलेला. त्यांनी नमस्कार केला नाही. हातच नव्हते. ओठांनी म्हणाले, "हळू बोला जी."

"सोडा ते. बाहेर या."

"सोडलं तं पडते."

"अन् चाबी गेली तं?"

 इंदूबाई चाबी घेऊन दारात उभी होती, तिच्या हातातला दांडा जमिनीला टेकला तेवढा आवाज झाला. बाबनरावांनी डोलकाठीकडे पाहिलं, मग चाबीकडे, मग साहेबांच्या ओल्या पँटकडे.

"घेऊन जा जी चाबी," ते तसेच, नुसत्या ओठांनी म्हणाले. "पण दहा मिनिटांनं घ्या. आता माह्यानं उठणं नाही होत."

 एवढं कशासाठी, हे पाहायला साहेब टेबलावर वाकले. त्यांच्या बाहीतून पाण्याचा एक थेंब पडला तो खळ लावलेल्या दोरीवर. दोरी ढिली झाली आणि पुढची डोलकाठी हळूच साहेबांच्या बाजूला झुकू लागली.

"धरा जी," बाबनरावांचा आवाज अचानक रस्त्यावरचा झाला. "ते, तुमच्या बाजूचं. दोन बोटांनं. हां. आता हालू नका."

साहेबांनी धरली. सरकारी माणूस आहे, हुकूम ऐकायची सवय असते. बाबनरावांनी एका हाताने आपली डोलकाठी सांभाळत दुसऱ्याने साहेबांच्या डोलकाठीच्या बुडाशी डिंक सोडला. मग दोघं समोरासमोर, नाकाला नाक लागेल इतके जवळ, बसून राहिले. थोड्या वेळाने साहेबांनी विचारलं की हे कायचं जहाज. त्यांचाही आवाज आता नुसते ओठ होता. चहाचं, बाबनराव म्हणाले. साहेबांनी दोऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, चहासाठी एवढं? मग तिसरी डोलकाठीही हलतेय असं त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी डावा हातही गुंतवला.

इंदूबाईने चहा आणून ठेवला. तो प्यायला हात कोणाचेच मोकळे नव्हते, साय धरून तो तसाच राहिला. बाहेर पाणी धो धो चाललेलं. बायका गुंड भरून झाल्यावर रांजण भरत होत्या, रांजण झाल्यावर घमेली, मग कोणीतरी पलंगाची गादी बाहेर काढली. शोभाताई आंघोळ करून, वेणी घालून, पर्स घेऊन परत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, सहा वाजले. पाणी बंद व्हायला हवं."

साहेबांनी मान न हलवता इंदूबाईकडे डोळे फिरवले. इंदूबाई म्हणाली, मले खोलता येते जी, बंद कराचं नाही शिकली मी.

साहेबांनी बाबनरावांकडे पाहिलं. बाबनरावांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

सहा वीसला साहेबांनी स्वतःच रजिस्टर मागितलं. ते शोभाताईंनी उघडून तळहातावर धरलं, आणि साहेबांना लिहिता येणार नाही म्हणून त्यांच्या वतीने स्वतःच लिहिलं, फळ्यावर लिहितात तसं गोल अक्षर. मग वाचून दाखवलं. "पाणी बरोबर पाच वाजता सोडले. बरोबर सहा वाजता बंद केले. कर्मचारी जागेवर हजर."

"सहाले बंद झालं?" साहेबांनी विचारलं. बाहेर कोणीतरी सायकल धूत होतं, चाकावर पाणी पडल्याचा आवाज स्पष्ट येत होता.

"तुम्ही इथं जातीने हजर होतात ना, साहेब. बंद झालं नसतं तर तुम्ही होऊ दिलं असतं का?"

साहेबांनी थोडा वेळ तो आवाज ऐकला. मग एक हात जपून सोडवला, पेन घेतलं आणि सही केली. शोभाताई रजिस्टर मिटून बसकडे पळाल्या.

साहेबांनी हात पुन्हा डोलकाठीला लावला. काही वेळाने ते अगदी हळू म्हणाले, "ऐसा है बाबनराव, आता सोडू का?"

डिंक वीस मिनिटांत सुकतो, हे तांडापेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाबनरावांनी मान थोडी कलती केली आणि बाहेरच्या नळाचा आवाज ऐकला. तुळजाबाईंचा रांजण अजून भरायचा होता.

"अजून पाच मिनिटं जी," ते म्हणाले.